नानांच्या लॅपटॉपचा पंचनामा

नाना भित्रे होते. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकलेलं बरं, कारण जे काही झालं ते लॅपटॉपमुळे झालं असं ते आजही सगळ्यांना सांगतात, आणि लॅपटॉपला बिचाऱ्याला उलटून बोलता येत नाही. म्हणजे येतं. तीच तर सगळी गोष्ट आहे.

नाना वजनमापे कार्यालयात अधीक्षक होते. दुकानातला काटा खरा आहे की खोटा, तेलाचं माप बुडाशी चेपलेलं तर नाही ना, हे बघून शिक्का मारणारं हे खातं. वर्षातून एकदा, ठरलेल्या सोमवारी, नानांना हाताखालच्या नऊ जणांचे गोपनीय अहवाल साहेबांपुढे ठेवावे लागत. अकरा वर्षांत नानांनी कुणालाही वाईट शेरा दिला नव्हता. चांगलाही दिला नव्हता. नऊच्या नऊ जणांना दर वर्षी एकच शब्द मिळे, 'समाधानकारक'. वाईट लिहावं तर माणूस भांडायला येतो. 'उत्कृष्ट' लिहावं तर खालच्या रकान्यात कारणं द्यावी लागतात, मग साहेब विचारतात, यालाच का, त्याला का नाही? 'समाधानकारक'ला आजवर कुणी काही विचारलेलं नाही. कार्यालयात पाठीमागे नानांना 'शून्यावरचा काटा' म्हणत. ते नानांना ठाऊक होतं आणि त्यात त्यांना अपमान वाटत नसे, कारण काटा शून्यावर असणं ही त्या खात्यात चांगलीच गोष्ट समजली जाते.

पण माणूस कितीही भित्रा झाला तरी त्याच्या पोटात मतं असतातच. ती बाहेर आली नाहीत तर पित्त होतं. म्हणून नाना दर वर्षी आधी एक कच्चा अहवाल लिहीत. त्यात मनातलं सगळं, खरं खरं, कुणाची भीडभाड न ठेवता. तो लिहून एकदा वाचला की पोट हलकं व्हायचं. मग त्याचे बारीक तुकडे करायचे, ते पाण्यात सोडायचे आणि शांत चित्ताने नऊ वेळा 'समाधानकारक' लिहायचं. कागदाच्या काळात ही पद्धत अगदी बिनधोक होती. पुढे खात्याने लॅपटॉप दिला आणि कच्चा अहवाल 'जुनी लाइटबिलं' नावाच्या फाइलमध्ये जाऊन बसला. जुनी लाइटबिलं कुणी हौसेने उघडत नाही, हा नानांचा हिशेब.

निवृत्तीला चार महिने उरले होते. म्हणजे हे शेवटचे अहवाल. त्या शनिवारी सकाळी नानांनी कच्चा मजकूर पुरा केला, एकदा वाचला, स्वतःच्याच धिटाईने घाबरून इकडेतिकडे बघितलं आणि चहा घ्यायला उठले.

आता तीन आठवडे तो लॅपटॉप त्यांना रोज नम्रपणे विचारत होता, "अपडेट करायचं का?" आणि नाना रोज 'नंतर' हे बटण दाबत होते. कार्यालयात मुरलेल्या माणसाला 'नंतर' असं बटण दिसलं, की ते दाबल्यावाचून राहवत नाही. पण यंत्रालाही काही मानापमान असतो. नाना चहा घेऊन परत आले तेव्हा त्याने विचारणं सोडून दिलं होतं. पडद्यावर लिहिलं होतं, "अपडेट सुरू आहे. संगणक बंद करू नका."

ही झाली लेखी सूचना. लेखी सूचनेबाहेर नाना उभ्या आयुष्यात कधी गेले नव्हते. ते खुर्चीत बसले आणि टक्के मोजू लागले. सत्तावीस. एकतीस. शंभर झाले तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला, तेवढ्यात यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं आणि परत तीन टक्क्यांवर आलं. नंतर पडदा काळा झाला तो झालाच. नानांनी एक कळ दाबून बघितली. दोन दाबल्या. मग धीर सुटला आणि ते पेटी बडवावी तसे दहाही बोटांनी सुटले. त्यातल्या कुठल्या तरी दोन-तीन कळा एकदम दाबल्या गेल्या असाव्यात. कारण त्या काळ्या पडद्याआडून एका बाईचा आवाज आला, खणखणीत, स्वच्छ, जराही न अडखळणारा.

"जुनी लाइटबिलं. पान एक. निरीक्षक. हा गृहस्थ काम कमी करतो आणि सल्ले जास्त देतो. ज्या विषयातलं कळत नाही त्या विषयात याचा आत्मविश्वास विशेष आहे. हा दौऱ्यावर गेला की कार्यालयात शांतता नांदते, म्हणून याचे सर्व दौरे मंजूर करावेत."

निरीक्षक राहत होते समोरच्या दारात. आख्खी इमारतच खात्याची होती. कार्यालयातले नऊच्या नऊ जण खाली, वर, शेजारी पसरलेले. भिंती अशा, की पलीकडे कुणी जांभई दिली तर अलीकडच्याला झोप यावी. नानांनी आवाज कमी करायची कळ दाबली, आवाज तेवढाच. कानात घालायच्या नळ्या जोडल्या; आवाज नळ्यांना जुमानेना. शेवटी त्यांनी झाकण धाडकन मिटलं. आवाज वाक्याच्या मध्यावर थांबला. नाना दोन्ही हात झाकणावर दाबून, आत नाग असल्यासारखे बसून राहिले.

"कोण बाई बोलत होती हो?" स्वयंपाकघरातून बायको आली.

"रेडिओ."

"आपल्याकडे रेडिओ नाही."

मग सांगावंच लागलं. म्हणजे अपडेटचं सांगितलं; मजकुराचं नाही. बायको सरळ विचारांची होती. ती म्हणाली, "बंद करून टाका की मग."

"बंद करू नका असं लिहिलंय."

"कुठे लिहिलंय? सगळा काळाठिक्कर तर पडलाय."

"आधी लिहिलं होतं. ते रद्द झालं असं कुठे लिहिलेलं नाही."

यावर बायकोने हात जोडले. पण नानांना खरोखरच धडकी भरली होती. फाइल पुसावी तर पडद्यावर काही दिसत नाही. बघायला जावं तर यंत्र बोलतं. आणि यातलं एक पान तरी बाहेर पडलं, तर चार महिन्यांनी निरोप समारंभाला सगळ्यांनी मिळून द्यायचा तो हार गळ्यात पडेल की गळ्याला आवळला जाईल, हे सांगता येत नव्हतं.

त्यातही आठ पानांचं एकवेळ निभावलं असतं. नववं पान मात्र निभावण्यातलं नव्हतं. ते पान खालच्या मजल्यावरच्या टायपिस्ट बाईंचं होतं.

फाइल पुसायचा एक प्रयत्न त्यांनी न्हाणीघरात केला. दार लावलं, नळ पूर्ण सोडला, बादलीत धो धो पाणी पडू दिलं आणि त्या आवाजात झाकण बोटभर उचललं. आवाज जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला आणि न्हाणीघरात दुपटीने घुमला.

"पान दोन. भांडारपाल. खात्याच्या प्रमाणित वजनांची पेटी याच्या ताब्यात आहे आणि हा रोज तिच्यावर आपला डबा ठेवतो."

इमारतीतल्या सगळ्या न्हाणीघरांच्या खिडक्या एकाच बोळात उघडतात, हे त्या क्षणापर्यंत नानांच्या लक्षात आलं नव्हतं. वरच्या मजल्यावरून भांडारपालांचा आवाज आला, "नाना, मला काही म्हणालात का?"

"नाही हो," नाना झाकण मिटून ओरडले, "गाणं म्हणतोय!"

"म्हणा, म्हणा," वरून उत्तर आलं. नाना भिजलेल्या टॉवेलवर टेकले. आता गाणं म्हणणं भाग होतं, म्हणून त्यांनी दोन कडवी म्हटली.

बाहेर येतात तो बायकोने जिन्यात बातमी पोचवली होती आणि बैठकीच्या खोलीत समोरचे निरीक्षक येऊन बसले होते. अडचण म्हटली की हा माणूस अनवाणी धावत येई. त्यांनी खिशातून पाणसळ काढली. वजनमापांचा निरीक्षक पाणसळीवाचून बाहेर पडत नाही. ती त्यांनी लॅपटॉपच्या झाकणावर ठेवली आणि तिच्यातला बुडबुडा एक डोळा मिटून बघितला.

"हे बघा, बैठकच चुकलीय. काटा असो की कॉम्प्युटर, बैठक चुकली की वाचन चुकतं. उघडा, शून्यावर आणू."

"नको!" नाना म्हणाले.

"अहो, चारशे काटे शून्यावर आणलेत मी."

"याला शून्य नाही," नाना म्हणाले, आणि झाकणावर कोपर ठेवून बसले.

एवढ्यात टायपिस्ट बाई आल्या. मोजकं बोलणारी बाई, पदर खोचलेला, हात पुसत पुसत. "नाना, मला द्या दोन मिनिटं. माझ्या मशीनचंही अपडेटनंतर असंच झालं होतं. ते आपोआप वाचायला लागतं. दोन कळा एकदम दाबल्या की गप्प बसतं."

दोन मिनिटं. जगात त्या क्षणी हे संकट निवारू शकणारं एकच माणूस होतं, आणि नेमकं त्याच माणसाला हात लावू देता येत नव्हता.

"राहू द्या बाई. तुम्ही कशाला त्रास..."

"त्रास कसला? आणि नाना, सोमवारी अहवाल जायलाच हवेत हं." बाईंचा आवाज जरा खाली आला. "या महिन्यात बढतीची यादी लागतेय. आता माझं वय बसतंय तेवढं शेवटचंच. मागच्या दोन्ही वेळी एका शेऱ्यावरून राहिलं. तुम्ही काय लिहिता ते मी विचारत नाही. वेळेवर गेलं म्हणजे झालं."

"हो, हो, जाईल ना," नाना म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

बाई जवळ आल्या. निरीक्षक जवळ आले. मागून भांडारपालही डबा धुतल्या हातांनी "काय झालं?" करत आत शिरले. तिघांचे हात लॅपटॉपकडे वळले आणि नानांच्या डोक्यात, भीतीने माणसाला सुचतं तसं, काहीतरी चमकलं. ते उठून उभे राहिले.

"कुणी हात लावायचा नाही! हे साधन सदोष आहे. सदोष साधनाचं नियमाप्रमाणे काय करतात? निरीक्षक, सील करा!"

निरीक्षकांचा चेहरा उजळला. वीस वर्षं हा माणूस दुकानदारांची साधनं सील करत आला होता, पण अधीक्षकांच्या घरी जाऊन त्यांचंच साधन सील करायचं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं! ते धावत जाऊन आपली पिशवी घेऊन आले. लॅपटॉपला उभी-आडवी तार आवळली, गाठीत शिशाची गोळी ओवली, चिमट्याने दाबून तिच्यावर खात्याची मुद्रा उठवली आणि पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवली: 'सदोष साधन. उघडू नये.'

सगळे गेले. नानांनी सकाळपासून पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. पोटभर जेवले. बायकोला म्हणालेसुद्धा, की प्रसंगावधान म्हणतात ते हेच.

दुपारी साडेतीनला ते ताडकन उठून बसले. सील करून आपण इतरांचं उघडणं बंद केलं खरं, पण आता आपल्यालाही ते उघडता येणार नव्हतं. खात्याचं सील तोडायचं, तर प्राधिकृत अधिकाऱ्यासमोर, दोन पंचांच्या साक्षीने आणि पंचनामा करून. एकट्याने तोडलं तर गुन्हा. मागच्या वर्षी एका वाण्याने तोडलं होतं, तेव्हा त्याला पाठवलेल्या कडक नोटिशीवर नानांचीच सही होती. त्यांनी बायकोच्या शिवणाच्या डब्यातून कात्री काढली, तार बघितली, शिशावरची मुद्रा बघितली आणि कात्री परत डब्यात ठेवली. ठेवताना ती सापडली होती तशीच, तोंड डावीकडे करून ठेवली.

आता एकच आशा उरली होती. बॅटरी संपेल. ती आपोआप संपली तर त्याला कुणी 'बंद करणं' म्हणणार नाही आणि आतली बाई कायमची गप्प बसेल. रविवारभर नाना दर तासाला उठून कडेचा बारीक दिवा बघत होते. संध्याकाळी तो लाल झाला. नाना आनंदाने फिरायला गेले, ओळखीच्या माणसांशी आपणहून बोलले. परत आले तर दिवा हिरवा.

"लाल झाला होता हो," बायको म्हणाली. "तारांच्या फटीतून पिन जात होती, म्हणून लावलं चार्जिंगला. तुमच्या कुठे लक्षात राहतं?"

एवढ्या मायेने केलेल्या कामावर माणूस काय बोलणार?

सोमवारी ते लॅपटॉप कापडी पिशवीत घालून, तान्हं मूल न्यावं तसा छातीशी धरून कार्यालयात गेले. थेट संगणक कक्षात. तिथला माणूस मान वर न करता म्हणाला, "तक्रार ऑनलाइन नोंदवलीत?"

"अहो, लॅपटॉपच बिघडलाय, तर ऑनलाइन कशी नोंदवू?"

"बिघडायच्या आधी नोंदवायची." मग त्याने मान वर केली आणि पिशवीतून डोकावणारं शिसं बघितलं. "सील? सील असलेल्या वस्तूला मी हात लावत नसतो. तोडून आणा. पंचनाम्यासकट."

नाना साहेबांच्या दाराशी गेले. मनातून त्यांना वाटत होतं, साहेब म्हणतील, बघू पुढच्या आठवड्यात. सरकत्या खुर्चीवरचा माणूस असंच म्हणतो. पण साहेब बैठकीला निघाले होते आणि निघालेला साहेब फार झटपट निर्णय घेतो. "सील तोडायला मी कशाला? तुम्हालाच प्राधिकृत करतो. आणि बाराला मी परत येतोय, तेव्हा नऊही अहवाल टेबलावर दिसू देत. आजच वर जायचेत."

म्हणजे स्वतःचाच लॅपटॉप स्वतःसमोर उघडण्याचा अधिकार नानांना मिळाला. राहिले पंच. कार्यालयात एक रखवालदार होता, त्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू येई. नानांना तो एकाएकी फार विश्वासू वाटू लागला. पण तो नेमका रजेवर होता, आणि रजा नानांनीच मंजूर केली होती.

"शोधता कशाला?" निरीक्षक म्हणाले. "सील मी केलं, तोडताना मी हवाच. दुसऱ्या पंच टायपिस्ट बाई. अक्षर चांगलं आहे त्यांचं."

जुन्या फायलींच्या खोलीत टेबलावर लॅपटॉप ठेवला. नानांनी दार लावून घेतलं. संगणक कक्षातल्या माणसाने ते उघडलं आणि तोही आत आला. त्याच्या मागून भांडारपाल. कार्यालयात सील तुटतंय म्हटल्यावर बाकीचे दारात जमलेच. निरीक्षकांनी तार कापली, शिसं पाकिटात घातलं आणि झाकण वर केलं.

काळा पडदा. शांतता. नानांनी डोळे मिटले. गेला असेल, मेला असेल, परमेश्वरा, मेलेला असू दे.

"चालू आहे की," संगणक कक्षातला माणूस म्हणाला, आणि त्याने सराईतपणे एक कळ दाबली.

"जुनी लाइटबिलं. पान एक."

"बंद करा!" नाना किंचाळले.

"छे छे, मध्येच बंद करायचं नाही. अपडेट अर्धवट आहे. आतलं सगळं जाईल."

"जाऊ दे! सगळं जाऊ दे!"

"नाना, असं काय करता?" टायपिस्ट बाई कळकळीने म्हणाल्या. "आमचे अहवाल असतील ना त्यात. थांबा, मी आवाज तेवढा घालवते." आणि त्यांनी हात पुढे केला.

"निरीक्षक," यंत्र म्हणालं. "हा गृहस्थ काम कमी करतो आणि सल्ले जास्त देतो."

निरीक्षकांनी बाईंचा हात वरच्यावर अडवला. "थांबा बाई. ऐकू द्या."

मग काय! कुणी हलेना. आवाज वाचत गेला आणि नाना टेबलाची कड धरून उभे राहिले. निरीक्षकांच्या आत्मविश्वासावरचं वाक्य झालं. दौऱ्यांचं वाक्य झालं. निरीक्षकांचा चेहरा लालबुंद झाला, मिशी थरथरली, आणि ते खो खो हसत सुटले. "दौरे मंजूर करावेत! हे मात्र लिहूनच द्या, नाना."

"प्रमाणित वजनांची पेटी," यंत्र म्हणालं, "हा रोज तिच्यावर आपला डबा ठेवतो." भांडारपाल गुपचूप बाहेर गेले आणि डबा हातात घेऊन परत आले. पुढची पानं तर दारातल्यांनी अक्षरशः मागून घेतली. "आता माझं, आता माझं!" जावक लिपिकाबद्दल लिहिलं होतं, की हा दहाला येतो ही अफवा आहे. तो म्हणाला, "अकरा वर्षं नोकरी केली नाना तुमच्या हाताखाली. तुम्ही मला बघता, हे आज कळलं."

नानांचा विश्वास बसेना. ज्या गोष्टीला ते जन्मभर भ्याले ती घडत होती आणि छप्पर कोसळत नव्हतं. उलट लोक त्यांच्याकडे जरा मायेनेच बघत होते. त्यांचे हात कडेवरून सैल झाले. त्यांना थोडं हसूसुद्धा आलं. आणि तेवढ्यात यंत्र म्हणालं, "पान नऊ."

नाना झाकणावर झेपावले. "पुरे! पुरे झालं! साहेब येतील!"

निरीक्षकांनी त्यांचं मनगट धरलं. "वा! आमची सगळ्यांची धुलाई झाली आणि बाईंचीच का नको?"

टायपिस्ट बाईही हसत होत्या. त्यांनी पदर सावरला, आता आपली पाळी, अशी तयारी करून.

"टायपिस्ट बाई," तो न अडखळणारा आवाज म्हणाला. "या कार्यालयातलं सर्वांत उत्तम काम या बाई करतात. अकरा वर्षांत यांच्या कागदात मला एक चूक सापडलेली नाही. माझ्या सहीने गेलेली सगळी अवघड पत्रं यांनीच जुळवलेली आहेत. मी 'काय लिहू बाई' एवढंच विचारतो. यांना उत्कृष्ट द्यायला हवं हे मला पहिल्या वर्षीच कळलं होतं. दिलं नाही, कारण कारणं लिहावी लागतात. आणि या बढतीवर गेल्या तर माझी पत्रं कोण लिहिणार? तेव्हा यंदाही समाधानकारक. पूर्णविराम."

कुणी हसलं नाही. निरीक्षकांनी नानांचं मनगट सोडून दिलं. दारातले एकेक जण बघायला दुसरं काही सापडतंय का ते शोधू लागले. नानांना वाटत होतं, आता बाई रडतील, ओरडतील, निदान काहीतरी बोलतील. बाई लॅपटॉपच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. त्या पडद्यात त्यांचाच चेहरा दिसत असणार.

"पान दहा," यंत्र म्हणालं. "अधीक्षक."

शेवटी स्वतःचंही एक पान असावं म्हणून नानांनी मथळा तेवढा घातला होता. खाली लिहायचं राहून गेलं होतं. दर वर्षीच राहत असे.

"रिकामी ओळ. रिकामी ओळ. रिकामी ओळ. दस्तऐवज समाप्त."

बाईंनी हात पुढे करून दोन कळा एकदम दाबल्या. आवाज थांबला. "दोन मिनिटांचंच काम होतं, नाना," त्या म्हणाल्या.

नानांना त्या वेळी खरोखर मरून जावंसं वाटलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत ते वरच्यांना भ्याले, खालच्यांना भ्याले, कुणी दुखावेल म्हणून भ्याले, आणि कुणालाही दुखावलं नाही याचा मनातल्या मनात अभिमान बाळगून राहिले. आणि इथे हे दुखावलेलं माणूस समोर उभं होतं. त्यांनी "बाई..." एवढंच म्हटलं.

घड्याळात पावणेबारा झाले होते. पंचनाम्याचा छापील कागद टेबलावर पडला होता आणि कागद पुरा झाल्याशिवाय खोली सोडायची नाही, हा नियम त्यातल्या कुणाच्याच मनातून जात नव्हता. निरीक्षकांनी घसा खाकरला, पेन काढलं. साधनाचं नाव. सील केल्याचा दिनांक. आढळलेला दोष. इथे ते थांबले. मग त्यांनी, रोज काट्यांच्या कागदावर लिहितात तेच वाक्य लिहिलं: 'दोष आढळला नाही. साधन वजन बरोबर दाखवते.' खाली सही केली आणि कागद दुसऱ्या पंचांपुढे सरकवला.

टायपिस्ट बाईंनी तो वाचला. पेन उचललं, टोपण काढलं आणि थांबल्या. "सही करते. पण आधी माझा कागद भरा. आत्ता. इथे."

जावक लिपिकाने धावत जाऊन कोरा छापील अहवाल आणला. नानांनी खुर्ची ओढली. शेऱ्याच्या रकान्यात पेन टेकवलं तर हात सवयीने चालला आणि 'स' उमटला. सगळ्यांनी तो बघितला. नानांनी तो खोडला, खाडाखोडीवर नियमाप्रमाणे छोटी सही केली आणि पुढे, वाचता येईल अशा अक्षरात लिहिलं, 'उत्कृष्ट'. खालचा रकाना होता कारणांचा. चांगला मोठा होता. अकरा वर्षांत तो कधी भरलाच नव्हता. नाना त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. मग, असा अवघड कागद समोर आला की जे व्हायचं तेच झालं; मान आपोआप वळली आणि तोंडून निघून गेलं, "काय लिहू, बाई?"

"हे मी नाही सांगणार, नाना," टायपिस्ट बाई म्हणाल्या.

खाली फाटकाशी साहेबांची गाडी येऊन थांबली. नानांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि पहिलं वाक्य स्वतःच जुळवायला घेतलं. बाई उघडं पेन हातात धरून समोर उभ्या होत्या. त्यांची सही अजून व्हायची होती.